बावीस डबे बिस्किटं आणि एक चष्मा

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. पाय चार, पण जन्मात एक पाऊल चाललो नाही. सुताराने मला सहा जणांसाठी घडवलं. कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात आल्यापासून मात्र माझ्यावर दोघंच बसतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधली जागा मुलांची.

तिथे एक पोर बसायची, मी तिला खारूताई म्हणायचो. सात वर्षांची, एका जागी ठरेल तर शपथ! आई शिवणकाम करायची, बाबा बेकरीत भट्टीवर. दोघं वेगळे झाले तेव्हा न्यायाधीशांनी बाबांना मुलीसाठी दरमहा पोटगी द्यायला सांगितलं होतं. आता पोरीला फळा दिसेना. डॉक्टरांनी चष्मा सांगितला, आईकडे पैसे नव्हते, म्हणून तिने थकलेल्या पोटगीसाठी अर्ज केला.

"एक पैसा आला नाही," आई म्हणाली.

"अगं, दर महिन्याला डबाभर बिस्किटं कोण पाठवतं? बावीस डबे झाले!" बाबा म्हणाले.

"ती खाऊन शेजारीपाजारी तुझं नाव काढतात. चष्मेवाला बिस्किटं घेत नाही."

कारकूनबाई म्हणाल्या, "अहो, बिस्किटं ही माया झाली. पोटगी खात्यात भरायची असते."

बाबा खरोखर चकित झाले. लबाड माणूस मला बैठकीवरून कळतो, तो काठावर टेकतो. हे तर ऐसपैस बसले होते.

सुनावणी झाली. बाहेर येऊन कारकूनबाईंनी निकाल उलगडून सांगितला. पोटगी म्हणजे बाबांना दंड नाही, मुलीचा हक्क आहे. यापुढे ती पगारातूनच कापली जाईल, थकलेली हप्त्यांनी. चष्म्याचा खर्च दोघांनी कमाईच्या मानाने वाटून घ्यायचा. कमाई घटली-वाढली तर अर्ज करायचा, परस्पर काही ठरवायचं नाही.

"आणि बाबांची रविवारची भेट वेगळी," त्या आईकडे वळून म्हणाल्या. "पैसे थकले म्हणून ती अडवायची नाही, कळलं ना?"

"मी कशाला अडवू? तेवढाच एक दिवस मला झोप मिळते!"

पुढच्या महिन्यात तिघं पोटगीची पहिली पावती दाखवायला आली. खारूताई चपला काढून माझ्यावर उभी राहिली आणि नव्या चष्म्यातून समोरच्या पाटीवरचं मोठ्याने वाचू लागली, "पोटगी खात्यातच भरावी. दिलेल्या वस्तू पोटगीत धरल्या जाणार नाहीत. बाबा, हे इथेच लिहिलंय की!"

"कधीपासून?" बाबांनी विचारलं.

"अकरा वर्षं झाली," कारकूनबाई म्हणाल्या.

दोन्ही टोकांकडून एकदम असं हसू फुटलं की माझ्या फळ्या हादरल्या. मग बाबांनी तेविसावा डबा माझ्यावरच उघडला.

मित्रांनो, मला पुसा, माझा डुगडुगता पाय ठोकून घ्या, माझ्यावर नावं कोरू नका. आईबाबांनी खुशाल दोन टोकांना बसावं, पण मधल्या जागेचा भार दोघांनी पेलावा. आणि हो, माझ्या फटीत थोडा चुरा राहिलाय. कोणत्याच कागदावर त्याची नोंद नाही. तेवढा मात्र झाडू नका.