देवीच्या रानातलं विलायती फूल

फूल दिसायला गोजिरं, म्हणून गोदा भुलली, दुसरं काय! ठाण्याला साहेबाच्या बंगल्यावर मीठ पोचवायला गेली होती. तिथलं कुंपण पिवळ्या-तांबड्या फुलांनी बारमास फुललेलं. माळ्याकडून एक फांदी मागून घेतली आणि मानपाड्याला आणून थेट गावदेवीच्या रानात खोचली. देवीला फुलांचा तोटा पडू नये, एवढाच भाबडा विचार. गावानंही तोंडभर कौतुक केलं.

आता देवीच्या रानात कोयता चालत नाही, काडीसुद्धा मोडायची नाही, ही गावची रीत. मग काय, फांदी रुजली, मेलीला रानच मोकळं! काही पावसाळ्यांत ती रानाबाहेर पडली आणि गुरचरणावर पसरली. गवत नावाला उरलं नाही. लोक तिला घाणेरी म्हणू लागले. वैशाखात भुकेल्या गुरांनी तोच पाला खाल्ला, आणि गोदाचा एक बैल गेला. दुसऱ्याचं नाकाड सोललं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले, ऊन सोसेना. हाही गेला तर नांगर ओढायचा कुणी?

गोदानं भगताचे, नाथाचे, पाय धरले. त्यानं देवीच्या पाषाणावर दोन फुलं चिकटवून कौल लावला. उजवं पडलं तर घाणेरी तोडायची. पडलं डावं.

"नाय गो, देवी नको बोलते."

"देवीला फुलं पायजेत, न् माजा बैल मेला तरी चालंल?" गोदा कडाडली. पहाटे पदर खोचून ती एकटीच रानात शिरली आणि हात रक्ताळेपर्यंत बुडातून तोडत सुटली.

बैल मेलाच. पाऊस पडला तसे एकेका बुंध्याला धा-धा धुमारे फुटले. गावाची बोबडी वळली. देवीचंच झाड, नाहीतर तोडलेलं असं उठतं होय? आतून कुरकुरणाऱ्यांनीही कोयते आढ्याला खोचले.

नाथानं निवाडा दिला, "तोडलास तसा लाव. तुज्या बांधावर लाव. तवर तुज्या शेतान कोनाचा बैल येनार नाय."

"लाव गो," नवरा गणू हात जोडून म्हणाला. "पेरनी हातची जाल."

गोदानं बांधावर फांद्या खोचल्या. गणूनं पाणी घातलं. दोन्ही बैल खाणाऱ्या त्याच झाडाभोवती माती दाबता दाबता तिनं हंबरडा फोडला.

"पस्तावली बिचारी," बायका म्हणाल्या.