बटण सोडल्यावरचे शब्द

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. गाण्याच्या कार्यक्रमातला नव्हे, तेवढे माझे नशीब थोर नव्हते. एका मोठ्या धुलाई कारखान्यात, मुकादमाच्या टेबलाशेजारच्या खांबावर मी हुकाला लटकत असे. वेटोळ्यांची वायर, काळे अंग आणि बाजूला एक बटण. बटण दाबून धरले की माझा आवाज चारही भिंतींवरच्या कर्ण्यांतून निघे. सोडले की मी मुका. पण बटण सोडले तरी मी बोलणाऱ्याच्या मुठीतच असे, अगदी ओठांजवळ. म्हणून सगळ्यांनी न ऐकलेलेही मी पुष्कळ ऐकले आहे.

माझा जन्म झाला तेव्हा एका बाईने माझ्या पोटातल्या तारा जोडल्या, बटण वीस-पंचवीस वेळा दाबून पाहिले आणि म्हणाली, "खणखणीत आहे." ते माझे पहिले कौतुक. पुढची कित्येक वर्षे मी त्यावर काढली.

कारखान्यात इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल येत. एका टोकाला धुण्याची यंत्रे, मग पिळण्याची, मग तापलेले रोलर. रोलरमधून चादर कोरडी आणि सपाट होऊन निघे आणि पुढच्या टेबलांवर तिची घडी होई. यंत्रांची घरघर एवढी, की शेजारच्याचे शेजारच्याला ऐकू येऊ नये. त्यामुळे माझ्यावाचून कुणाचे पान हलत नसे. मला त्याचा थोडा गर्वही होता.

पहिले मुकादम वयस्कर आणि मिस्कील होते. काम सांगता सांगता ते कुणाची तरी खोडी काढत. "टॉवेलवाले काका, तुमचा ढीग एवढा उंच झालाय, की चढायला कधी येऊ असं दोन गिर्यारोहक विचारून गेले!" अख्खे दालन हसे. पण तिथे एक पद्धत होती. ज्याची थट्टा झाली, त्याने येऊन माइक घ्यायचा आणि उत्तर द्यायचे. काका हात पुसत येत, मला उचलत आणि म्हणत, "मुकादम, ते चढून आले. वरून तुमचं टक्कल फार छान दिसतं म्हणाले." मग मुकादम सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत.

रोलरवरच्या ताई तर उत्तराला पक्क्या होत्या. अकरा वर्षे तेच काम. चादरीवरून नुसता तळवा फिरवला, तरी कुठल्या कोपऱ्यात ओल राहिली आहे ते त्यांना कळे. एकदा मुकादम म्हणाले, "ताईंनी डबा उघडला आणि ठसक्यानं तीन मशिनी बंद पडल्या." ताई तरातरा आल्या. "म्हणूनच तुम्हाला रोज एक घास देते, मुकादम. कधीतरी तुमचंही तोंड बंद पडेल." त्या दिवशी हसता हसता माझी वायरसुद्धा हलली असेल.

ते मुकादम निवृत्त झाले आणि नवे आले. हे कामात चोख होते आणि जिभेनेही चलाख. पहिले काही महिने त्यांनीही मजा आणली. खोटे कशाला बोलू, मलाही ते आवडत. मग त्यांच्या अंगठ्याला एक सवय लागली.

एके सकाळी ते माझ्यातून म्हणाले, "आज रोलरच्या ताई भलत्याच खुशीत दिसतात!" इथे त्यांनी बटण सोडले. मग टेबलाशी उभ्या असलेल्या तिघांकडे बघून हळूच म्हणाले, "रात्री कुणी खूश केलं, विचारा." ते तिघे म्हणजे बॉयलरवाले मामा, गाडीचा ड्रायव्हर आणि वजनकाट्यावरचा कारकून. तिघेही हसले.

ताईंना दालनाच्या दुसऱ्या टोकाला अर्धेच वाक्य ऐकू आले, पण हसणारी तोंडे दिसली. पद्धतीप्रमाणे त्या आल्या. मला हातात घेतले. त्यांचा तळवा रोलरच्या उष्णतेने गरम होता.

"पुढं काय म्हणालात?"

"काही नाही. खुशीत दिसता म्हणालो. तो काय गुन्हा झाला?"

जे सर्वांसमोर बोललेच गेले नाही, त्याला सर्वांसमोर उत्तर काय देणार? ताईंनी मला हुकाला अडकवले आणि त्या परत गेल्या. माझ्या पोटात ते उरलेले शब्द होते. मला ते ओरडून सांगायचे होते. पण कुणी बटण दाबल्याशिवाय आणि आपल्या तोंडाने बोलल्याशिवाय मला आवाज नसतो.

त्यानंतर हे रोजचेच झाले. अर्धे वाक्य सगळ्यांसाठी, अर्धे तिघांसाठी. ताई गाडीतल्या चादरी उचलायला वाकल्या की काहीतरी. चालत निघाल्या की काहीतरी. त्या कामाच्या चिठ्ठ्या घ्यायला टेबलाशी आल्या, तर त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात काहीतरी. हळूहळू ताईंनी टेबलासमोरून जाणेच सोडले. त्या रोलर आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून अंग चोरून जाऊ लागल्या. ती वाट माणसांसाठी नव्हती. मी खांबावरून बघत असे आणि दर वेळी मला वाटे, आज भाजणार. एक दिवस भाजल्याच. कोपरापासून मनगटापर्यंत.

मलमाची पेटी बॉयलरवाल्या मामांकडे असे. ते पेटी घेऊन धावले. "अहो ताई, त्या सांदीतून कशाला गेलात?"

"तुमच्या टेबलासमोरून जायला नको म्हणून," ताई म्हणाल्या.

मामांच्या हातातले मलमाचे झाकण खाली पडले. ते उचलायला त्यांना बराच वेळ लागला.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत, दालन रिकामे असताना, ताई आणि शिलाईवाल्या मावशी माझ्या खांबाखाली बसल्या होत्या. ताईंच्या खिशातून एक कागद डोकावत होता.

"राजीनामा लिहिलाय," ताई म्हणाल्या.

"वेडी आहेस का? पाळीप्रमुखाची जागा तुझी आहे. सगळे म्हणतात. ऐकून न ऐकल्यासारखं कर."

"तेच करतेय तीन महिने. मावशी, मी थट्टेला कधी चिडले का? माझ्या डब्यावर हसा, कामावर हसा, मी दुप्पट परत करते. पण हे हसणं माझ्याबरोबरचं नाही. घरी गेल्यावर मी हातपाय धुते आणि तरी वाटतं, काहीतरी अंगावर राहिलंय."

मावशींनी तो कागद ताईंच्या खिशात आत सरकवला आणि म्हणाल्या, "आधी तक्रार कर. हे शेवटी."

ताईंनी तक्रार केली. मॅनेजर बाईंनी तिघांना एकेक करून टेबलाशी विचारले. ड्रायव्हर म्हणाला, "मशीनचा आवाज असतो बाई, ऐकू येत नाही." कारकूनही तेच म्हणाला. मामांनी खाली बघितले आणि तेही म्हणाले, "आवाज असतो." मित्रांनो, आयुष्यात मला एवढा संताप कधी आला नव्हता. तिघेही माझ्यापासून हातभर अंतरावर होते! आणि मुकादम हसत होते. "मस्करीची कुस्करी झाली, बाई. त्यांना हल्ली चेष्टा सोसत नाही. अशा माणसाला पाळीप्रमुख करणार का?"

शनिवारी मॅनेजर बाईंनी यंत्रे थांबवायला लावली. एवढी शांतता त्या दालनात मी क्वचितच अनुभवली होती. कुठेतरी नळातून पाणी ठिबकत होते. पुरावा नसल्याने तक्रार बंद करत आहोत, असे सांगायला बाईंनी मला उचलले. पहिले वाक्य संपते न संपते, तोच ताई पुढे आल्या.

"बाई, इथली पद्धत आहे. ज्याची थट्टा झाली, त्याला माइक मिळतो."

बाईंनी क्षणभर विचार केला आणि मला त्यांच्या हाती दिले. भाजलेल्या हाताची पट्टी माझ्या अंगाला लागली. ताईंनी बटण घट्ट दाबले.

"मंगळवारी मुकादम म्हणाले, चादर कशी पसरावी हे ताईंकडून शिका. सगळ्यांनी ऐकलं. त्यापुढचं टेबलाशी असलेल्या तिघांनीच ऐकलं. थट्टाच होती ना, मुकादम? मग उरलेलं सगळ्यांना सांगा. हसण्यासारखं असलं तर आम्हीही हसू."

आणि त्यांनी मला मुकादमांच्या तोंडापुढे धरले. बटण सोडले नाही.

मुकादमांचे ओठ माझ्यापासून चार बोटांवर होते. चारही कर्ण्यांतून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. "हे बघा..." ते म्हणाले आणि थांबले. "कामं पडलीत. जाऊ द्या आता." एवढेच. इतकी चलाख जीभ, पण ते एक वाक्य तिला उचलेना.

ताईंचा दुसरा हात खिशातल्या कागदाकडे गेला. त्यांनी तो काढलाही. तेवढ्यात गर्दीतून बॉयलरवाले मामा आले. काळवंडलेला हात पुढे करून म्हणाले, "ताई, मला द्या."

त्यांनी मला दोन्ही हातांनी धरले.

"मी बाईंशी खोटं बोललो. मला ऐकू आलं होतं. मी हसलोही होतो." ते ताईंकडे वळले. "ताई, सांगू का? तुमची परवानगी असेल तरच."

ताईंनी मान हलवली.

"मुकादम म्हणाले, एकटीनं चादर पसरून काय उपयोग, आम्हाला बोलवा म्हणावं, एकेक जण झोपून दाखवू."

तेच शब्द, तेच दालन. कुणी हसले नाही. ड्रायव्हरने तोंड फिरवले. मावशी आपली जागा सोडून ताईंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

मॅनेजर बाईंनी ताईंच्या हातातला कागद घेतला, वाचला आणि परत दिला. "हा नको. चौकशी बंद नाही, आता सुरू होईल. मुकादम, तुम्ही माझ्याबरोबर चला."

मुकादम पुन्हा त्या टेबलावर बसले नाहीत. दोन महिन्यांनी ताई पाळीप्रमुख झाल्या. पण सगळे लगेच गोड झाले असे नाही. कित्येक दिवस दालनात कुणी थट्टाच करेना. "आता बोलायचीच चोरी झाली," असे काही जण मुद्दाम ताईंना ऐकू जाईल असे म्हणत. एक दिवस ताईंनीच मला उचलले. "बॉयलरवाले मामा, तुमचे नवे बूट एवढे करकरतात, की मशिनींना वाटतं मेकॅनिक आला. तीन तर भीतीनं आपोआप दुरुस्त झाल्या!" दालन हसले. मामा करकरत आले, मला घेतले आणि म्हणाले, "मग उद्यापासून मेकॅनिकचा पगारही मलाच द्या." ताई हसल्या. मामांचे डोळे मात्र भरून आले होते, ते मी जवळून पाहिले.

आता माझी वायर तुटली आहे आणि मी कपाटात पडून आहे. मला पुसू नका, दुरुस्त करू नका, माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, उद्या तुमच्या शेजारी कुणी कुणाबद्दल असे काही बोलेल, जे त्या माणसासमोर मोठ्याने म्हणायची त्याची हिंमत नसेल. तुम्हाला हसू येईल, किंवा हसावे लागेल. नंतर कुणी विचारले, तर ऐकू आले नाही असे म्हणू नका. मी तीन महिने सगळे ऐकले आणि गप्प राहिलो, कारण मी वस्तू आहे. तुम्ही वस्तू नाही.