हात दिसले पाहिजेत

पडद्यावर पोकुआमावशी इतकी लख्ख दिसली की अंगणातल्या बायकांनी टाळ्याच वाजवल्या.

"अगं बाई, गळ्यातले मणी मोजून घ्या!" कोणीतरी ओरडलं.

लॅपटॉपपाशी बसलेला तिचा भाचा क्वाजो मात्र धास्तीनं नेटवर्कचे आकडे बघत होता.

मावशी जन्मापासून बहिरी. पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे दरीपलीकडच्या गावातून तिला आणता आलं नव्हतं. तिच्या मुलीला, सेरवाला, मागणी घालायला टेमा शहरातली वराकडची माणसं श्नॅप्स दारूच्या बाटल्या घेऊन आली होती. बाटल्या ठेवून घेतल्या म्हणजे होकार; त्या ठेवायच्या का, हे रीतीप्रमाणे मुलीला तीनदा विचारायचं. बोआडीमामांनी, घरातल्या वडीलधाऱ्यांनी, बजावलं होतं, "बहिरी असली तरी आई आहे. दर वेळी तिलाही विचारायचं." म्हणून हा व्हिडिओ. मावशीच्या खुणा सेरवा सांगणार होती. लहानपणी मावशीकडे राहिलेल्या क्वाजोलाही त्या कळत.

"सेरवा, ठेवू का बाटल्या?"

"ठेवा, मामा," सेरवा डोळे टिपत म्हणाली.

तिनं पडद्याकडे वळून आईला खुणेनं विचारलं. मावशीचे हात वर गेले आणि एकदम मांडीवर दिसले. मधलं काहीच आलं नाही.

"आई हो म्हणते," सेरवा चटकन म्हणाली.

मधलं काय होतं? क्वाजोनं लॅपटॉप जवळ ओढला. टेकडीवरच्या खांबापासून इथपर्यंतचं नेटवर्क तोच सांभाळायचा. वाट मोकळी असली की व्हिडिओ बारीक तपशील मागतो, तुंबली की आपणहून साधा होतो. पण पाहुण्यांपुढे नाक वर राहावं म्हणून क्वाजोनं तपशील खाली उतरूच दिला नव्हता. शिवाय वराच्या भावांना फुटबॉलचा सामना बघायला नेटवर्क खुलं ठेवलेलं. वाट भरली आणि मधली चित्रं गळून गेली. तपशिलापायी मावशीचं बोलणंच गेलं होतं.

त्यानं आधी सामना बंद केला.

"अरे, गोल होत होता!" वराचा भाऊ कळवळला. "सोयरीक जुळायच्या आत नेटवर्क तोडलंत, नंतर जेवणही तोडाल!"

"मावशीचं बोलणं होऊ दे, मग देतो," क्वाजो पुटपुटला. त्यानं तपशील पार खाली आणला. मावशीचा चेहरा पुसट झाला.

"काय हे? छान दिसत होती ना!" बायका म्हणाल्या.

पण हात आता वाहत होते.

मामांनी दुसऱ्यांदा विचारलं. मावशीनं उत्तर दिलं आणि क्वाजोनं ते स्पष्ट वाचलं: माझी मुलगी रडते आहे. का, ते तिला विचारा.

"आई म्हणते, ठेवा," सेरवा म्हणाली.

क्वाजोनं तिच्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. मग कपड्याच्या घडीआड तिनं हळूच खूण केली: पहिल्यासारखं कर.

एका बोटाचं काम होतं. मावशी पुन्हा लख्ख दिसेल, सगळे खूश होतील, बाटली उघडेल, आणि मधलं गळलं ते कोणाला कळणारही नाही. बोलावं का? पण सगळ्यांसमोर बहिणीला खोटी पाडायची? आपण साधे नेटवर्कवाले. क्वाजोनं लॅपटॉपवरचे हात काढून मांडीखाली दाबून धरले.

"सेरवा, शेवटचं विचारतो," मामांनी बाटलीच्या झाकणावर बोटं ठेवली.

मावशीनं पुन्हा त्याच खुणा केल्या, यावेळी अगदी सावकाश. एकही बोट गळलं नाही.

सेरवा पडद्याकडेच बघत राहिली.

"काय म्हणते आई?"

"विचारतेय..." तिनं डोळे पुसले. "मी का रडते, ते."

मागे जेवणासाठी उकडलेल्या कंदांचा फुफू कांडणाऱ्यांची मुसळं थांबली.

"मग सांग की, पोरी."

"मला टेमाला जायचं नाही, मामा. तुम्ही त्यांना शब्द दिला होता, म्हणून गप्प होते."

मामांची बोटं झाकणावरून खाली आली. वराच्या आत्यानं बाटली आपल्याकडे ओढली.

सगळे सेरवाकडे बघत होते. पडद्यावरची मावशी मात्र पुढे झुकून हात हलवत होती, काय झालं, काय झालं? तिला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. क्वाजो कॅमेऱ्यासमोर वाकला आणि मुलीचं बोलणं तिला खुणांनी सांगू लागला.