उल्हासनगरची अस्सल

मी एक जुनी बाटली आहे. दुधाची नाही, औषधाची नाही, व्हिस्कीची. झालं, मुरडलीत ना नाकं? मुरडा. तुमच्या बाईंनी फाटक्या छत्रीवर निबंध दिला असेल, मोडक्या खुर्चीवर दिला असेल. माझ्यावर कोणी देणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, छत्रीला जसं आयुष्य असतं तसं मलाही आहे, आणि ते कोणाच्या तरी कानावर घालावं असं आज फार वाटतंय. ऐकून कोणी शहाणं होईल, ही आशा मात्र मी सोडली आहे.

माझा जन्म स्कॉटलंडमधल्या भट्टीत झाला. रुंद खांदे, आखूड मान, जाड बूड. माझ्यात जी व्हिस्की भरली ती अठरा वर्षं लाकडी पिंपात मुरत पडली होती. अठरा वर्षं! तेवढ्यात पाळण्यातलं पोर कॉलेजात जातं. मला सोनेरी अक्षरांचं लेबल मिळालं, निळा खोका मिळाला, खोक्यात मऊ कापड. मी काय ऐटीत होते तेव्हा! वाटलं, आता एखाद्या महालात जाऊन बसायचं. आले कुठं, तर उल्हासनगरात, टेकचंद सेठच्या दुकानात, अगदी वरच्या फळीवर.

तिथं मला कुत्रं विचारत नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, क्वार्टर घ्यायचं, खिशात घालून चालतं व्हायचं. एखादा वर बघून मित्राला कोपर मारायचा, "ती बघ, मेड इन यूएसए!" आणि दोघं खिदळायचे. मला वाटायचं, या अडाण्यांना स्कॉटलंड आणि अमेरिका यातला फरक कळत नाही. मग कळलं, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. इथं कुठल्याही परदेशी मालाची हुबेहूब नक्कल मिळते, अशी जुनी थट्टा आहे. आता मी खरी होते हो, बुचापासून बुडापर्यंत खरी. पण गावाचं नाव एकदा पडलं की तिथल्या खऱ्यालाही लोक डोळा मारूनच बघतात.

अशात एके दिवशी कैलास आला. शहाडला राहणारा, जीन्सच्या कारखान्यात इस्त्री करणारा माणूस. सोबत बायको अंजनी. त्याने फळीवरच्या सगळ्या बाटल्या उतरवायला लावल्या. एकेक उजेडात धरली, उलटी केली, सीलवरून नख फिरवलं. शेवटी माझ्यावर हात ठेवला.

"सेठ, ओरिजिनल आहे ना? एकदम ओरिजिनल?"

"अरे साईं, सील देखो, बॉक्स देखो. डुप्लिकेट निघाली तर माझ्या तोंडावर आणून फेक."

अंजनी हळूच म्हणाली, "अहो, कल्याणवरनं घ्या ना. उल्हासनगरचं नाव काढलं तरी दादा भडकतात."

"दादाला नाव नाय प्यायचं, दारू प्यायची आहे," कैलास म्हणाला आणि मला छातीशी धरलं.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ नाथा. बारवी धरणाच्या रस्त्याला त्यांचं गाव. तिकडं हळद म्हटली की मटण आलं, डीजे आला आणि बाटली आली. नाथाच्या मुलाच्या हळदीला कैलासने उल्हासनगरातून, कोणाच्या तरी ओळखीनं, ‘फॉरेन आहे’ म्हणून बाटल्या नेल्या होत्या. स्वस्तात मिळाल्या म्हणून बिचारा खूश होता. सगळ्या डुप्लिकेट निघाल्या. व्याह्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या, मंडपातून उचलून त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. चार पाहुण्यांत नाथाची मान खाली गेली. "परत माझा उंबरा चढू नको," तो कैलासला म्हणाला. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नाही आणि गावात कैलासचं नावच पडलं, ‘डुप्लिकेट’.

आता नाथाच्या मुलीची, किर्तीची हळद होती. तिनं स्वतः फोन केला होता. "काका, तू आलाच पायजेस. बाबा बोलत नाय, पण तुझं नाव निघालं की गप बसून ऐकतो." त्या एका वाक्यावर या माणसानं मला घेतलं. मित्रांनो, मी पिण्यासाठी नव्हते, तोंड दाखवायला होते.

वाटेत अंबरनाथला शिवमंदिराकडं वळून त्याने मोटारसायकल थांबवली आणि रस्त्यावरूनच हात जोडले. मागं बसलेल्या अंजनीनं मला पोटाशी धरलं होतं. मला वाटलं, एवढा जीव लावून कोणी मला कधी नेलं नव्हतं.

मंडपात शिरताच किर्ती हळदीच्या अंगानं धावत आली. कैलास सरळ नाथापुढं गेला, वाकला आणि मला खोक्यातून काढून त्याच्या समोरच्या टेबलावर ठेवलं. आजूबाजूच्या खुर्च्या वळल्या. नाथानं मला उचललं, फिरवून बघितलं.

"कुठना आनलीस?"

खोटं बोलायला किती सोपं होतं! कल्याण म्हणाला असता, ठाणं म्हणाला असता. पण आज तरी सगळं खरंच असावं, असं त्या भोळ्याला वाटलं.

"उल्हासनगरना, दादा. पण ओरिजिनल हाय. आईशपथ."

जो हशा पिकला म्हणता! खुर्च्यांवरनं माणसं घसरायची बाकी राहिली. "डुप्लिकेट आला रं!" कोणीतरी ओरडलंच. नाथा हसला नाही. त्यानं सील तोडलं, बूच काढलं. कैलासचे डोळे चमकले.

तिथली एक रीत आहे. प्यायच्या आधी गेलेल्या माणसांच्या नावानं दोन थेंब जमिनीवर सोडायचे. नाथानं मला तिरकं केलं. दोन थेंब पडले. मग धार लागली. ती थांबेचना.

"पितरांनाच पाजतो सगली," नाथा म्हणाला. "ते मेलेलेच हायत, त्यांना काय व्हायचं नाय."

अठरा वर्षांचा दरवळ मातीतून वर आला. नाथाच्या नाकपुड्या फुलल्या आणि धार क्षणभर तुटली. त्याला कळलं होतं! मी त्याच्या हातात होते, मला त्याची बोटं कळली. म्हातारी गंगू आत्याही म्हणाली, "नाथा, वास बरा येतोय रं, थांब." पण एवढ्या माणसांत ‘चुकलो’ म्हणायला जीभ रेटली नाही त्याची. त्यानं मला पार उलटं केलं, थेंब न् थेंब गळू दिला. कैलास निळा खोका टेबलावरच सोडून मागं वळला. किर्ती "काका, जेवून तरी जा" म्हणत रस्त्यापर्यंत गेली, रडली. तो गेला तो गेलाच.

पुढं नाथाच्या बायकोनं, वेणूबाईनं, मला धुऊन फ्रीजमध्ये ठेवलं. नाथा पाणी प्यायचा ते माझ्यातूनच. प्यायच्या आधी माझं तोंड नाकाशी न्यायचा, जरा थांबायचा. वास कधीच गेला होता. अरे बाबा, माझा वास कसला घेतोस? एक फोन करायला तुझं काय जात होतं? पण मला वाचा कुठली. फोन तसाच राहिला आणि पुढच्या उन्हाळ्यात नाथाच गेला. कैलास दहाव्याला आला, लांब उभा राहिला, पिंडाला कावळा शिवल्यावर निघून गेला म्हणे. ‘दादाला शेवटपर्यंत मी खोटाच वाटलो,’ हेच तो घेऊन गेला. खरं काय ते फक्त मला माहीत आहे.

मग घर आवरताना वेणूबाईनं मला खोक्यासकट भंगारवाल्याला दिलं. निळा खोका धड आहे बघून त्याला कोण आनंद! तेव्हा मला कळलं नाही का ते. एका कोंदट खोलीत मला नरसाळं लावलं. आत गेलं ते काय होतं, विचारू नका. अठरा दिवसांचंही नव्हतं. वर नवं बूच, नवं सील.

आज मी पुन्हा फळीवर आहे. हे दुकान उल्हासनगरात नाही, चांगलं काचेचं, थंडगार आहे. आत्ताच अवधूत नावाचा एक मुलगा आला. त्यानं मला उजेडात धरलं, सीलवरून नख फिरवलं.

"सासऱ्यांना द्यायची आहे. पळून लग्न केलं होतं आम्ही, आता पहिल्यांदा घरी बोलावलंय त्यांनी. उल्हासनगरचा माल नाही ना?"

"छे हो! बॉक्स बघा ना, साहेब."

मित्रांनो, माझ्यासारखी कोणी तुमच्या घरी रिकामी झाली, तर तिला शोकेसमध्ये मिरवू नका, तिच्यात पाणी भरू नका, भंगारात तर देऊच नका. फोडा. मोठ्या माणसांना सांगा, कापडात गुंडाळून फोडा. मला आता तेवढीच माया हवी होती.

दुकानदार मला लाल कागदात बांधतो आहे. मी एकच मागणं मागते आहे, की अवधूतचा सासरा नाथासारखा निघो, त्यानं रागानं मला मातीत उलटं करावं, थेंब न् थेंब. पण तसं होणार नाही. हा मुलगा सांगत होता, त्यांनी राग सोडलाय म्हणून.