वाणाचं पुस्तक

खालच्या मजल्यावरची तृप्ती वर आली तेव्हा सगुणाबाईंनी खुर्ची पदरानं पुसून पुढे केली. नवरा, रावजी, गेल्यापासून त्या खुर्चीवर कोणी बसलंच नव्हतं.

"काकू, यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तक द्यायचं ठरलंय. प्लास्टिकच्या डब्यांनी घरं भरली आमची! पण कादंबरी नको हं. खरंखुरं सुचवा. इतिहास, आत्मचरित्र असलं काहीतरी. सोसायटीत तुमच्याइतकं वाचतं कोण? आणि त्यावर दोन शब्दही तुम्हीच बोला."

सगुणाबाईंची शाळा सातवीत सुटली. देवळ्याहून लग्न करून नाशकात आल्या आणि पुढचं शिक्षण वाचनालयाच्या कपाटांतून उपसून घेतलं. "घडलेलं द्या, रचलेलं नको," असं ग्रंथपालाला तोंडावर सांगणारी बाई. आता गंगापूर रोडवरच्या या फ्लॅटमध्ये ती आणि पुस्तकं, एवढंच उरलेलं.

आठवडाभर पलंगावर ढीग. राजघराण्यांचे इतिहास त्यांनी बाजूला सारले. त्यांत बायका एकतर बोहल्यावर दिसतात नाहीतर चितेवर. एका पुढाऱ्याचं जाडजूड आत्मचरित्रही परत ठेवलं. त्यात बायको फक्त अर्पणपत्रिकेत. शेवटी एक पातळसं आत्मकथन निवडलं. विशीत विधवा झालेल्या, मजुरी करून पोरी वाढवलेल्या बाईनं लिहिलेलं.

मग मोरपंखी साडीला इस्त्री केली. दोन शब्दांचे दोनशे झाले, तेही आरशासमोर म्हणून पाहिले. खुळी बाई! रावजी गेल्यावर त्यांना एकाही हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नव्हतं. तरी पुस्तकाच्या आडोशानं का होईना, आत घेतील असं वाटलं त्यांना.

आदल्या दिवशी पुस्तकांची खोकी त्यांच्याच घरी उतरली, कागदात गुंडाळायला. मागोमाग तृप्ती आली आणि दारातूनच बोलली.

"काकू, ते दोन शब्द लिहूनच द्या ना. मी वाचते. म्हणजे... सासूबाई असतील, जुनी माणसं असतील. तुम्हालाच उगाच अवघडल्यासारखं."

"मला कशाचं अवघडतंय? मी लय मोकळी बाई आहे."

"तसं नाही हो. तुम्ही समजून घ्याल."

समजून घ्या! नवरा गेला की बाईच्या वाट्याला हेच काम येतं, आणि त्यातून मरेपर्यंत सुट्टी नाही.

ती गेल्यावर सगुणाबाईंनी साडी कपाटात कोंबली. पेन घेतलं आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलं: 'ही लिहिणारी बाई आज दारात उभी राहिली असती, तर तुम्ही तिला कुंकू लावलं असतं का?' खाली ठसठशीत सही केली. लपूनछपून काही करायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या स्वेटर घालून गॅलरीत उभ्या राहिल्या. खालच्या हॉलमधून उखाणे वर येत होते, हशा येत होता. माईकवर तृप्तीनं पुस्तकाला 'प्रेरणादायी' म्हटलं. टाळ्या झाल्या. मग कागद फाडल्याचा आवाज, आणि एकदम सगळं चिडीचूप. सगुणाबाईंनी कठडा घट्ट धरला. पायात चपला होत्याच. कोणीतरी आता बाहेर येईल, वर बघून नुसतं "या" म्हणेल.

कोणीतरी गाणं लावलं.

थोड्या वेळानं बेल वाजली. दारात तृप्ती, हातात तिळगुळाची वाटी आणि तोंड लालबुंद.

"शोभलं का हे तुम्हाला? सगळ्यांचा मूड घालवलात. सासूबाईंनी तर पान टराटरा फाडलं!"

"पुस्तक वाचलंस?"

"तुमची ओळ वाचली ना!"

"ती माझी. बाकीचं तिनं लिहिलंय. ते वाच, मग भांडायला ये. केव्हाही ये. मी घरीच असते, मला बोलावतंय कोण?"

तृप्तीनं वाटी त्यांच्या हातात दिली आणि जिना उतरली. गोड बोला म्हणायचं राहूनच गेलं.

सगुणाबाईंनी उभ्या उभ्या तिळगूळ खाल्ला. वाटी घासली, पुसली. रिकामी वाटी परत करायची नसते, म्हणून चिमूटभर साखर घातली आणि रावजींच्या खुर्चीवर ठेवली.

वाटी न्यायला तरी कोणीतरी येईल.