काळ्या लेपाखालचा पत्रा

जुनी म्हणा, खटारा म्हणा, मला राग येत नाही. फक्त मित्रांनो, मला भंगार म्हणू नका. तो शब्द माझ्या अगदी दारापर्यंत येऊन हात हलवत परत गेला आहे. मी एक पिकअप आहे. पुढे माणसांना बसायला छोटी केबिन आणि मागे सामान वाहायला उघडा हौदा. केबिनमध्ये आरसे आहेत, मऊ आसने आहेत, पण पिकअपचा जीव असतो तो हौद्यात. केबिन काय, कोणत्याही मोटारीला असते.

कारखान्यात पत्रे दाबून, वाकवून, एकमेकांना सांधून मला घडवले. वजन पेलावे म्हणून हौद्याच्या तळाला लांब पन्हळी दिल्या आणि पाणी वाहून जावे म्हणून कोपऱ्यांत बोटाएवढी भोके ठेवली. त्या भोकांचे महत्त्व तेव्हा कुणालाच कळले नव्हते, मलाही नव्हते.

मला घेतले ते रोपवाटिका चालवणाऱ्या एका बाईने. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही म्हणते. ताई मला स्वतः चालवायची. कुंड्या, खताची पोती, मुळांना ओली माती गुंडाळलेली मोठाली झाडे, सगळे माझ्या पाठीवर. गल्लीत वळताना झाडांचे शेंडे डुलत आणि लोक मान वळवून पाहत. ते झाडांकडे पाहत होते, माझ्याकडे नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळले. पण तोवर मी भाव खाऊन घेतला होता.

ताईचा धाकटा भाऊ गाड्या रंगवायचा. घरीदारी सगळे त्याला पेंटरच म्हणत. हात सोन्याचा, पण बोलणे असे की ऐकणाऱ्याने निम्मेच धरावे. कुंड्यांनी माझा तळ खरवडला जातो हे पाहून त्याने एके दिवशी फवाऱ्याने हौद्यात काळा, रबरासारखा जाड लेप मारला. थोडा उरला, तो वाया कशाला घालवायचा म्हणून खालूनही मारला. वाळल्यावर लेप असा घट्ट बसला की पेंटरने त्यावर बूट आपटून पाहिला आणि छाती फुगवली.

"ताई, थेंबभर पाणी आरपार जायचं नाही," तो म्हणाला. "आणि हे काढायचं म्हटलं तर मलासुद्धा जमायचं नाही."

पहिले वाक्य अगदी खरे ठरले. थेंबभरही पाणी गेले नाही, कारण पठ्ठ्याने उत्साहाच्या भरात पाणी जायची भोकेसुद्धा बुजवून टाकली होती. रोपांचे पाणी हौद्यात साचायचे. ताई तांब्या घेऊन ते उपसायची, कुरकुरायची आणि कामाला लागायची. तिला वाटायचे, गाडी जुनी व्हायला लागली की असेच होते. पुढे तिने दोरी बांधायला केबिनजवळच्या कोपऱ्यात लेपासकट पत्र्याला भोक पाडले आणि एक लोखंडी कडी बसवली. भावाला विचारले नाही. विचारले असते तर अर्धा दिवस भाषण ऐकावे लागले असते.

त्यानंतर कित्येक वर्षे माझ्या हौद्याकडे कुणी नीट पाहिले नाही. वरून मी काळी कुळकुळीत, मग पाहायचे तरी काय? कडीच्या कोपऱ्यात मात्र मला काहीतरी टोचत असे. सांगणार कुणाला?

मग माझी तपासणी आली. गाड्या रस्त्यावर चालवण्याजोग्या आहेत की नाहीत हे ठरवणारा तपासनीस माझ्याभोवती फिरला. वरून वाकून पाहिले, खालून निजून पाहिले. सगळीकडे काळा लेप. तो काही वाईट माणूस नव्हता. तो एवढेच म्हणाला, "खालचा पत्रा मला दिसत नाही. जे दिसत नाही ते ठीक आहे असं मी कसं सांगू?" हौदा मोकळा करून आणा, पत्रा धड निघाला तर गाडी रस्त्यावर, नाही तर भंगारात, असे सांगून तो पुढच्या गाडीकडे गेला.

ताई मला घरी घेऊन आली. दुसरी गाडी घेणे तिला परवडणारे नव्हते, आणि मी गेले तर तिची झाडे रोपवाटिकेच्या फाटकाबाहेर पडणार नव्हती. तिने पेंटरला बोलावले. पेंटरने कपाळाला हात लावला.

त्याने आधी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला. लेप तापला, पाघळला आणि ब्रशच्याच तारांत जाऊन बसला. थिनर ओतले, तर लेप जणू अंघोळ करून ताजातवाना झाला. रंग उतरवायचे औषध लावले, वर चार बुडबुडे आले आणि बसले. ताई शेजारी उभी राहून विचारत होती, हेच का ते निघत नाही म्हणाला होतास ते. पेंटरने औषधाचा डबा बाजूला सारला.

शेवटी त्याने गरम हवेची बंदूक आणली. एका हाताने लेप ऊन करायचा, मऊ पडला की दुसऱ्या हाताने पातळ पट्टी आडवी धरून खाली सरकवायची. तळहाताएवढा तुकडा निघायला घाम निघत होता. ताईही पट्टी घेऊन बसली. मला भाजत होते, खरवडत होते, पण मित्रांनो, इतक्या वर्षांनी पाठीला हवा लागत होती आणि मला फार बरे वाटत होते.

गंमत अशी, की जिथे लेप हट्टाने चिकटून बसलेला, तिथे ताई वैतागायची आणि पेंटर खूश व्हायचा. कारण त्याखालून पत्रा निघत होता तो कोरा करकरीत. हौद्याच्या मागच्या फाळक्यापासून मध्यापर्यंत असेच चालले. मग ते कडीच्या कोपऱ्यात पोचले. ताईने पट्टी घातली आणि भला मोठा तुकडा अलगद, गरम हवेशिवायच हातात आला.

"चला, एकदाचं सुटलं," ताई म्हणाली.

पेंटरचा चेहरा उतरला. "ताई, सहज निघतंय म्हणजे आत वाईट आहे."

त्याने छोटी हातोडी घेतली. बाकी सगळा तळ ठण्ण वाजला. कोपरा वाजला भद्. गंजाचे पापुद्रे सुटले आणि तिथे भोक पडले. मी घाबरले. खोटे कशाला सांगू, मला तेव्हा भंगाराचे आवार दिसायला लागले होते.

हौद्यात साचलेले पाणी कडीच्या भोकातून लेपाखाली शिरले होते. कडी कुणी बसवली, असे पेंटरने विचारले. पाणी जायची भोके कुणी बुजवली, असे ताईने विचारले. दोघे बहीणभाऊ हौद्यात समोरासमोर बसले होते, हातातोंडाला काळे लागले होते. आधी ताईला हसू फुटले, मग त्याला. हसता हसता त्याने हातोडीने कडेकडेने ठोकत गंजाची हद्द शोधली. चार बोटांवरच पत्रा पुन्हा ठण्ण वाजला. माझे दुखणे तेवढेच होते!

मग कशाला थांबतात ते! गंजका भाग कापला, वेल्डरकडून नवा पत्रा जोडून घेतला, बुजलेली भोके मोकळी केली. उरलेला लेप खरवडताना पेंटर शीळ घालत होता. शेवटची काळी पट्टी निघाली तेव्हा ताईने हौद्यात बादलीभर पाणी ओतले. ते पन्हळींतून धावत गेले आणि कोपऱ्यांतून खाली पडले. ताईने टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

तपासनिसाने हातोडीने माझा इंचन् इंच वाजवून पाहिला. जोडावर तर चारचारदा. मी प्रत्येक ठोक्याला उत्तर दिले. मग त्याने विचारले, असला लेप इतका स्वच्छ काढला कुणी?

"ज्यानं लावला होता त्यानंच," ताई म्हणाली. भावाचे एवढे कौतुक तिने त्याच्यासमोर कधी केले नव्हते. तपासनिसाने सही केली आणि मी रुबाबात बाहेर पडले.

घरी येताच पेंटरने पुन्हा लेपाचा डबा उघडला. ताईने झाकण लावून तो त्याच्या हातात परत दिला. साधा रंग मार, म्हणाली, मला खालचं दिसलं पाहिजे. आता माझ्यावर ओरखडे उठतात. उठले की दिसतात, आणि दिसले की पेंटर ब्रश घेऊन येतो. आजही झाडांचे शेंडे माझ्या पाठीवर डुलतात आणि मी मान ताठ ठेवून धावते.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी सायकल असेल, पाण्याची टाकी असेल, लोखंडी पाळणा असेल. वरून छान दिसते म्हणून तिला विसरू नका. अधूनमधून वाकून पाहा, बोटाने वाजवून पाहा. ठण्ण आवाज आला तर तिला शाबासकी द्या. भद् आला तर घाबरू नका. तुम्ही वेळेवर पोचला आहात.