तारखेआधी

नवरा गेल्यावर त्याचे सगळे शेअर मी चुलतभाऊ बर्राकला विकले. त्याने डिसेंबरच्या तारखेचा चेक दिला. त्या वर्षी कुवेतमध्ये सगळेच पुढच्या तारखेचे चेक फाडत होते आणि सरकार तिकडे ढुंकूनही पाहत नव्हतं. त्या पैशांत मला दोन मुलींसाठी घर बांधायचं होतं. तोवर आम्ही माझ्या धाकट्या भावाकडे, मुसाइदकडे राहत होतो, त्याच्या बायकोची धुसफूस ऐकत.

ऑगस्टमध्ये भाव कोसळायला लागले. मी म्हणाले, “मुसाइद, चेक आत्ताच वटवते. कायद्याने तारखेआधीही चालतो म्हणे.”

थोरल्या मुलीच्या नावाने मला हाक मारत तो उसळला, “उम्म हुस्सा, लाज वाटू दे जरा! घरच्या माणसाला बँकेत उघडं पाडतेस? दिवाणियातल्या बैठकीत मी तोंड कसं दाखवू? सगळ्यांनी असंच केलं तर देश बुडेल देश! तू मजबूसच्या भातात मीठ बघ, बाजार आम्ही बघतो.”

एका विधवेच्या चेकने बुडणारा देश! तरी घराण्याची अब्रू म्हणून चेक पेटीतच ठेवला.

मग बर्राकने फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी मी सकाळीच बँक गाठली. ओळखीच्या कारकुनाने चेक पाहिला आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला.

“खात्यात काही नाही, बाई. परवा तुमचे धाकटे बंधूच त्यांच्याकडचा बर्राकचा चेक वटवून उरलेसुरले घेऊन गेले. बोलले नाहीत तुम्हाला?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर मुसाइदला शोधलं, सापडला नाही. संध्याकाळी मात्र दिवाणिया भरली आणि आतून त्याचाच आवाज आला, “तारखेआधी कोणी चेक टाकायचा नाही! शब्दाला काही किंमत आहे की नाही?”

पुरुषांच्या त्या बैठकीत मी आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी दार ढकलून सरळ आत गेले.

“आणि परवा बर्राकचं खातं पुसून आलास, ती किंमत कसली रे?”

कॉफीचे पेले हातातच राहिले. मुसाइद एकदम माझ्या नावावर येऊन पुटपुटला, “मला मुलंबाळं आहेत, सबीका.”

“आणि मी काय मांजरं पाळलीत?”

“बाईला आत न्या!” थोरले काका ओरडले. “पुरुषांत हिचं काय काम?”

मुसाइदला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. उलट काकाच त्याच्याकडे सरकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “माझ्याकडेही बर्राकचा चेक आहे रे. खात्यात थोडंफार उरलंय का?”

“नाही काका,” मी दारातून म्हणाले. “मी सकाळीच बघून आले.”